चुड्याआधीचे व्यायाम

व्यायामाच्या तिसऱ्या आठवड्यात शैलजा अंदुरेचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत वीतभर लांबला, आणि त्याच सकाळी त्याची कळ थांबली. तिने चहाचा कप तोंडाला लावायला घेतला तर कप तोंड ओलांडून कानामागे गेला. "असं होय," ती म्हणाली आणि कप डाव्या हातात घेतला.

कळ आली होती ती धंद्यातून. अंदुऱ्यांचं बांगड्यांचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं, आणि सासरे गेल्यापासून गादीवर शैलजाच बसायची. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, हाडं चेपून जवळ आणायची, काच पुढे सरकवायची, दिवसभर हेच. ऐन लग्नसराईत कोपराच्या बाहेरच्या बाजूला निखारा येऊन बसला, तो उठायलाच तयार नाही. कुकरचं झाकण फिरवताना तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि व्यायामाला नाझनीन मॅडमकडे पाठवलं.

नाझनीन मॅडम वयाने लेकीसारखी, आवाजाने सासूसारखी. "हात टेबलावर. कोपराखाली टॉवेलची घडी. तळवा खाली, मनगट काठाबाहेर सोडा आणि डाव्या हाताने बोटं आपल्याकडे ओढून धरा. ताण आला पाहिजे, कळ येता कामा नये. आणि काही झालं तरी कोपर हलवायचं नाही."

"काही झालं तरी म्हणजे?"

"म्हणजे काही झालं तरी, मावशी."

शैलजाला घाई होती. धाकट्या जावेच्या, प्रमिलाच्या मुलीचं लग्न फाल्गुनात धरलं होतं, आणि केतकीचा चुडा दुसऱ्या कुणी भरावा हे शैलजाला सोसणारं नव्हतं. तिला स्वतःचं मूल नाही. बारशाच्या दिवशी केतकीच्या बोटाएवढ्या मनगटात काळ्या बांगड्या तिनेच भरल्या होत्या, आणि तिथून पुढे त्या मनगटाचं प्रत्येक माप तिच्याच बोटांतून गेलं होतं. प्रमिलाला हे ठाऊक होतं. पण मुलगी तिची, कार्य तिचं, आणि तिला खात्रीचा माणूस हवा होता.

"मी स्टेशन रोडच्या त्या राजूला सांगून ठेवते, वहिनी," ती म्हणाली. "तो हाताला प्लास्टिकची पिशवी घालतो आणि वरून बांगड्या सर्रकन चढवतो. पोरीला कळतसुद्धा नाही."

"पिशवी?" शैलजा म्हणाली. "नवरीचा हात आहे तो, कोथिंबिरीची जुडी नाही."

"तुमचा हात बरा झाला तर मला कशाला हवी पिशवी? पण आधी बरा तर होऊ दे."

"होतोय," शैलजा म्हणाली. हात तेव्हा टेबल संपवून फ्रीजपर्यंत गेला होता.

नाझनीन मॅडम घरी येऊन बघून गेली. तिने टेप लावली, टेप संपल्यावर ती गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

"मुंग्या?"

"नाहीत."

"मग छान चाललंय. थांबू नका."

डावा हात बोटांपर्यंत पोचेना, तेव्हा शैलजाने उजव्याची बोटं खिडकीच्या गजाला अडकवून ताण घेतला. मग खिडकीही मागे राहिली. गल्लीच्या तोंडाशी सुमन इस्त्रीवालीची टपरी होती. इस्त्रीतले कोळसे फुलेपर्यंत ती बोटं ओढून धरायची.

"ओढू का अजून, शैलाबाई?" ती तिथून ओरडायची.

"ओढ की! जेवली नाहीस का सकाळी?" शैलजा माजघरातून ओरडायची.

हात गल्लीच्या कडेकडेने नळाच्या पाइपासारखा पडलेला असे. लोकांना सवय झाली. समोरच्या देवधरबाईंनी त्यावर साड्या वाळत घातल्या; तेवढीच उन्हापासून सावली म्हणून शैलजाने चालवून घेतलं. सायकलवाले उतरून सायकल उचलून पलीकडे घ्यायचे आणि जाता जाता "बरंय का?" म्हणून विचारायचे.

ताण जमल्यावर ताकदीचे व्यायाम आले. पाण्याची बाटली उचलायची आणि सावकाश खाली न्यायची. हातोडीचा दांडा धरून तळवा वर, तळवा खाली. ओला टॉवेल पिळायचा. बोटांभोवती रबरबँड लावून पंजा उघडायचा. तोवर हात बाजारपेठेत पोचून दुकानाच्या गादीवर, आपल्या नेहमीच्या जागी बसला होता. टॉवेल पिळून झाला की तो बांगड्या भरायला घेई.

"शैलजाताई कुठायत?" बायका विचारायच्या.

"घरी," तिचा दीर सुधाकर सांगायचा. "हात आलाय. बसा."

हाताला चेहरा नव्हता, त्यामुळे बायका त्याला काहीही सांगत. घरी शैलजा घडीवर कोपर टेकून डाव्या हाताने मेथी निवडत बसे, आणि कुणाचा तळवा आला ते तिला बरोबर कळे. ही धुण्याच्या पावडरीने सोललेली. ही शिलाई मशीनवाली. ही आत्ताच डोळे पुसून आलेली. एकही काच वाया जात नव्हती.

"हात मोकळा झालाय," तिने प्रमिलाला सांगितलं. "त्या पिशवीवाल्याला नको म्हणून कळव."

"कळवते," प्रमिला म्हणाली आणि तिने कळवलं नाही.

शैलजाला मात्र आता व्यायामाची गोडी लागली होती. सांगितलेले करून झाले की ती वरचे थोडे करायची. चुड्याच्या दिवशी सकाळी अंगणात मांडव होता, घर बायकांनी भरलं होतं, केतकी नवी साडी नेसून पाटावर बसली होती आणि तिचा तळवा शैलजाच्या कोपरापासून लाटण्याएवढ्या अंतरावर होता. शैलजाचा तळवा एसटी स्टँडच्याही पुढे, रेल्वे फाटकापाशी होता.

"वहिनी," प्रमिला म्हणाली, "पोरगी इथं. कोपर इथं. हात?"

"फाटकाशी. गेट पडलंय."

"मग मागे घ्या की."

शैलजाने फोन लावला. नाझनीन मॅडमचा आवाज सगळ्या बायकांनी ऐकला. "मागे घ्यायचा व्यायाम नसतो, मावशी. आखडला की दुखणं परत येतं."

"कोपर उचललं तर?"

"मग मला फोन करू नका."

प्रमिलाने राजूला फोन लावला.  केतकीने पाटावरचा तळवा उलटा करून मांडीवर ठेवला. ते बघून शैलजा पदर खोचून नीट बसली.

"फाटकाच्या पुढे बायपास लागतो," ती म्हणाली. "तो गावाला वळसा घालून, शाळेच्या मागून, आपल्या परसदाराशी येतो. हात रस्त्याने जातोय. रस्ता जाईल तिकडे जाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून ताण. केतके, पाटावरून उठायचं नाही."

"मोठी आई, संध्याकाळी हळद आहे गं!"

"हळद पळून जात नाही."

तिने डोळे मिटले आणि मनगट खाली सोडलं. फाटकावरच्या माणसाने बोटं ओढली. पुढे ढाब्यावरच्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांनी ओढली. त्यांचीही कोपरं दुखत होती, त्यांना न सांगता कळलं. हाताला डाळिंबाच्या बागेतला ओला वारा लागला, वीटभट्टीची ऊब लागली, नदीवरच्या पुलाचा कठडा लागला. शाळेपाशी मधली सुट्टी झाली असावी, कारण एकदम पुष्कळ लहान बोटं लागली आणि हात भराभर पुढे आला.

परसदाराची कडी वाजली.

बायका बाजूला सरकल्या. हात स्वयंपाकघरातून, तांदळाच्या पोत्याला वळसा घालून माजघरात आला. धुळीने माखला होता. प्रमिलाच्या आईने त्यावर तांब्याभर पाणी घातलं आणि स्वतःच्या पदराने तो पुसला.

तेवढ्यात राजूचा फोन आला. "ताई, हाताशी आलोय. पलीकडे आहे मी."

"ओलांडून या ना."

"उंच झालाय हो. शिडी लागेल."

"मग खालून या."

"खाली फट कुठंय, ताई? सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. गावाला दारच नाही ठेवलंय."

प्रमिलाने फोन ठेवला आणि केतकीशेजारी जाऊन बसली.

शैलजाच्या हाताने केतकीचा हात घेतला. माप विचारायची गरज नव्हती. हिरवी बांगडी बोटांवरून आली आणि अंगठ्याच्या मुळाशी, हाडाला अडली. इथे जोर लावला तर काच जाते आणि कातडीही जाते. इथे बाईचं लक्ष भलतीकडे न्यायचं असतं.

"खरं सांग," शैलजा म्हणाली, "तो झोपेत घोरतो का, याची चौकशी केलीस का कुणाकडे?"

"मोठी आई! आजी बसल्यात इथं!" केतकी खुदकन हसली. हसताना माणसाची हाडं सैल सुटतात. बांगडी मनगटात उतरली.

बायकांनी गलका केला. प्रमिलाने जावेकडे बघितलं, मग दुसरीकडे बघून नाक पुसलं. "भरलीत बाई एकदाची."

"ही तर पहिली," शैलजा म्हणाली.

पुढच्या बांगडीला तिने पंजा जरा अधिक आवळला, तेव्हा सुमनची टपरी खिडकीशी आली. इस्त्रीच्या कोळशाचा वास माजघरात पसरला. त्याच्या पुढच्या बांगडीला बाजारपेठ गल्लीत शिरली. सुधाकर दुकानातूनच म्हणाला, "चहा झाला असेल तर इकडे द्या," आणि त्याला जागेवरूनच कप पोचला. मग एसटी स्टँड आला, शाळा आली, मुलं पायरीवर दाटीने बसून बघू लागली. मांडवाचे खांब एकमेकांना टेकले. घरातल्या बायका खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

"वहिनी, गाव आवळतंय," प्रमिला म्हणाली. तिची हनुवटी आता शैलजाच्या खांद्यावर होती. "जरा सैल सोडा."

"सोडलं तर बांगडी अर्ध्यात अडकेल. नवरीला अर्धा चुडा घालून मांडवात उभी करू?"

"नका करू," प्रमिला म्हणाली.

केतकीचा एक हात पूर्ण झाला, दुसराही होत आला. शेवटची बांगडी हाडापाशी थांबली. शैलजाने खिडकीतून बाहेर पाहिलं. घरं एकमेकांत दाबून बसली होती, पाण्याची टाकी आत वळली होती, आणि त्या सगळ्याभोवती तिचाच हात गोल फिरून उन्हात चकाकत होता. गाव अंग चोरून, श्वास धरून थांबलं होतं. पहिल्यांदा बांगड्या भरायला आलेली पोर थांबते तसं.

शैलजाने पंजा पक्का केला आणि खिडकीकडे तोंड करून गादीवरच्या आवाजात गावालाच विचारलं, "काय गं, एवढी कुणाला लाजतेस?"

टपरीच्या बाजूला आधी एक बाई हसली. मग शाळेकडून दुसरी.