लुगड्याचा आवाज

"चार महिने झाले, डब्बा बांधून फिरून राह्यली. आन् आयकू काही येत नाही," उत्तमराव शिबिराच्या बाकड्यावर शेजारच्या माणसापाशी कुरकुरले. "वापस करून टाकतो आज. दुसऱ्याच्या कामी तं येईन."

हातभर अंतरावर बसलेल्या त्यांच्या बायकोला, रुखमाबाईंना, ते लख्ख ऐकू आलं. पण त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती तर पदर हलला असता, आणि पुढचं बोलणं बुडालं असतं.

ऐकायचं मशीन म्हणजे कानात घालायचं एक बोंड, त्याला तार आणि तारेच्या टोकाला तंबाखूच्या डबीएवढा डबा. आवाज आत शिरतो तो डब्यातून. पुरुष तो सदऱ्याच्या खिशात ठेवतात. लुगड्याला खिसा नसतो, हे डबा करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. रुखमाबाईंनी गळ्यात अडकवायला खणाची पिशवी शिवली, तर उत्तमराव म्हणाले, "लोकायले दिसते. आत घाल." आणि स्वतःचा ट्रान्झिस्टर चामडी कव्हरात घालून, खांद्याला लटकवून, हा माणूस सगळं देऊळघाट गाव फिरतो.

डबा पदराखाली गेला. भाकरी थापताना खरखर, झाडताना खरखर. चार महिने रुखमाबाई आपलंच लुगडं ऐकत होत्या. स्वस्थ बसलं की माणसं ऐकू यायची, पण बसू कोण देतं?

बुलढाण्याच्या शिबिरात मशीन बसवणारे भगवंतराव अकोल्याहून आले होते. त्यांनी डब्यावरचं आवाजाचं चाक थोडं फिरवलं, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरला आणि मागून हळूच म्हणाले, "विहीर."

"विहीर," रुखमाबाई म्हणाल्या.

"कंदील." "कंदील." "सासुरवाडी."

"सासुरवाडी," म्हणताना त्या जराशा हसल्या.

"घरी तं आयकत नाही," उत्तमराव गडबडले.

भगवंतरावांनी वही उघडली. "बरं, काम करताना काय ऐकू येतं यांना?" हे त्यांनी उत्तमरावांनाच विचारलं.

रुखमाबाईंची कानशिलं तापली. "मले पुसा, साह्यब. कान माहा हाय. काम करतानी मले लुगडं आयकू येते."

त्यांनी थैलीतून खणाची पिशवी काढून टेबलावर ठेवली. भगवंतरावांनी ती उलटसुलट पाहिली, डबा तिच्यात सरकवला आणि त्यांच्या हाती दिला. रुखमाबाईंनी ती गळ्यात घातली, पदराच्या वरून, सगळ्यांदेखत. वाकल्या, उठल्या. खरखर नाही. बाहेर कुणी खोकलं, बाकडं करकरलं.

"असंच वापरायचं," भगवंतराव आता त्यांच्याकडे बघून म्हणाले. मग उत्तमरावांकडे वळले. "महिनाभर रोज यांच्यासमोर बसून बोला. कानाला सवय लागते. एरवी काय बोलणं होतं?"

"होते ना." उत्तमराव ट्रान्झिस्टरचा पट्टा चाचपत राहिले. "म्हंजे... कामाचं. नऊ वर्सं झाले कान जाऊन, हातानं दावलं की समजते तिले."

"आणि मशीन आल्यापासून?"

रुखमाबाईंनी चाक थोडं वर केलं आणि वाट पाहिली. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू आलं.

"मशीन चांगली हाय, साह्यब," शेवटी त्याच म्हणाल्या. "वापस घेऊ नका. मले सारं आयकू येते. माह्याबद्दल सारे बोलतेत. माह्याशी नऊ वर्सांत कोनी बोललं नाही."