पुढच्या तीन चकत्या

पुढच्या महिन्यात यजमानांची बदली नागपूरला, म्हणजे सुनंदाताईंच्या हातात एकच रविवार उरला होता. धरमपूरहून कसौलीपर्यंतचा चढ सायकलवरून न उतरता चढायचा होता. मागच्या खेपेला त्या अर्ध्यात उतरल्या आणि बरोबरच्या सायकलवाल्या मंडळींच्या जीपमध्ये बसून वर गेल्या. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

चूक पायांची की सायकलची, हे शोधायला त्या जवळच्या मनीमाजऱ्यात बलकारसिंगच्या सायकलच्या दुकानी गेल्या. त्या मंडळींतल्या मोहालीच्या हृषीकेशने सांगितलं होतं की पायडलजवळ एकच दातेरी चकती घ्या, हल्ली तीच चालते. यजमानांचं मत दोनचं. तीन चकत्या म्हणजे जुनी गोष्ट, असं सगळेच म्हणत.

सुनंदाताईंनी पिशवीतून शिवणाची टेप काढली. दुकानातल्या एक, दोन आणि तीन चकत्यांच्या तीन सायकलींवर सर्वांत हलका गिअर लावला, पायडलची एकेक पूर्ण फेरी दिली आणि सायकल किती पुढे जाते ते फरशीवर मोजलं. एकेरीवर अडीच मीटरांहून जास्त, दुहेरीवर सव्वादोन, तिहेरीवर पावणेदोनच्या थोडं वर. फेरीमागे जितकं कमी अंतर, तितका पायावर भार कमी. मग बाकीचे गिअरही मोजले, तर तिहेरीच्या सत्तावीसपैकी कित्येक सारखेच निघाले.

"सत्तावीस म्हणून विकता, आणि निम्मे तेच ते?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"आंटीजी, आजतक किसीने नापा ही नहीं," बलकारसिंग हसून म्हणाला.

त्यांना सर्वांत हलका तेवढा हवा होता. आपल्या सायकलला तिहेरी बसवून घेतली.

रविवारी चढ लागला. दर तीन वर्षांनी घर हलवणाऱ्या बाईची एक सवय असते: चांगली वस्तू पुढच्या गावासाठी खोक्यातच ठेवायची. तशी त्यांनी सर्वांत हलक्या गिअरची छोटी चकती राखून ठेवली. अजून मधलीवर जमतंय, अजून जमतंय, असं करत त्या मागच्या खेपेला उतरल्या होत्या त्याच वळणापर्यंत आल्या. पायडल फिरेना तेव्हा घाईने गिअरची दांडी ओढली. ताणलेली चेन खडखडली आणि निसटली. त्या उतरल्या.

हृषीकेश वळून आला. "काकू, चेन चढवा आणि इथूनच चला की. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," त्या म्हणाल्या.

काळ्या हातांनी चेन बसवून त्या उलट्या खाली निघाल्या, थेट धरमपूरच्या चौकापर्यंत. या वेळी चढ सुरू व्हायच्या आधीच, सपाटीवर, चेन सर्वांत छोट्या चकतीवर उतरवली. पाय भराभर फिरत होते आणि सायकल जेमतेम सरकत होती. एक शाळकरी मुलगी चालत त्यांच्या पुढे गेली. वर कसौलीच्या बाजारात मंडळींचा दुसरा चहा संपत आला होता, तेव्हा सुनंदाताई सायकलवर बसूनच आल्या.