दहाच्या उजव्या हाताला

त्या शनिवारी दुपारी ती दुकानात शिरली तेव्हा बाबा टेबलावर वाकून कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होते. मान वर न करताच लटक्या अदबीनं म्हणाले, "आलात? चोर सापडला का?"

हा प्रश्न तीस वर्षं जुना होता. टेबलामागच्या भिंतीवर बाबांचं आकड्यांचं झाड होतं. कपड्यांची मापं आखायच्या खाकी कागदावर पेन्सिलीनं काढलेलं, वरून खाली वाढणारं. सगळ्यात वर एक. तिथून पुढे प्रत्येक आकड्याला दोन मुलं: डावं दुप्पट अधिक एक, उजवं तिप्पट अधिक एक. एकाला तीन आणि चार, तिनाला सात आणि दहा. गिऱ्हाईक नसलं की बाबा एखादी फांदी वाढवत, कागद संपला की खाली नवा डकवत. शिक्षण जेमतेम सातवी, पण या झाडाला पाच कधीच लागणार नाही, हे ते टाचण्या तोंडात धरून कुणालाही पटवून देत. टाचण्या अंगाला लागलेला माणूस वाद घालत नाही.

फक्त दहाच्या उजव्या हाताला जागा रिकामी होती. तिथला आकडा कुणीतरी खोडला होता.

खोडला होता तिनंच. नऊ वर्षांची असताना, बाबा जेवायला घरी गेलेले, तेव्हा तिला पंधराच्या खाली एकतीस दिसला आणि दहाच्या खालीही एकतीस. एकच मूल दोन घरांत कसं? बाबांचं चुकलं, आता लोक हसणार, या धास्तीनं ती स्टुलावर चढली. आकडा दोन्हीकडून बरोबर येतो हे तिला कळायला दोन वर्षं गेली. पंधराची दुप्पट तीस, दहाची तिप्पटही तीस, आणि वर एक. तोवर बाबांनी चोराची गोष्ट गल्लीभर केली होती आणि तिनं उंदरावर ढकलून दिलं होतं.

"हुशार उंदीर. कागद सोडून नुसता आकडा खाल्ला," बाबा म्हणाले होते.

पुढे ती छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. दुबार आलेला शब्द खोडणं हेच काम. खोडण्याआधी ती दोनदा बघायची, आणि सहकारी तिला चेंगट म्हणायचे.

त्या शनिवारी बाबांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "घे, तूच भर. माझा हात आता तिथवर पोचत नाही."

भरायचं म्हणजे कबूल करायचं. पुढच्या शनिवारी भरते, असं ती म्हणाली. बाबांनी पेन्सिल परत कानावर ठेवली, चहा मागवला, आणि तिच्या बाहीची सुटलेली दुमड अंगावरच शिवून दिली, हलू नकोस म्हणून दोनदा दटावत.

मंगळवारी सकाळी ते मशीनवर बसल्या बसल्याच गेले. सुईत दोरा ओवलेला होता.

पंधरा दिवसांनी ती दुकान आवरायला आली. खडूंच्या डब्यात तळाशी एक गुलाबी खोडरबर निघालं, एका टोकाला चावलेलं. दात तिचेच. त्या वर्षी यासाठी आईनं सगळं घर पालथं घातलं होतं आणि तिला वेंधळी म्हटलं होतं. म्हणजे चोर पहिल्याच दिवशी सापडला होता. तिला हसू आलं.

मग ती स्टुलावर चढली. इतकी वर्षं त्या जागेकडे नीट बघायचं तिनं टाळलं होतं. रिकाम्या जागेखाली बाबांच्या गोलसर अक्षरात दोन्ही मुलं लिहिलेली होती, त्रेसष्ट आणि चौऱ्याण्णव. त्यांच्याखाली त्यांची मुलं. झाड कुठेच थांबलेलं नव्हतं.

तिनं एकतीस लिहिला. बाजूच्या आकड्यांपेक्षा थोडा मोठाच आला.

"बाबा, तो मी खोडला होता," ती मोठ्यानं म्हणाली. "मला वाटलं, तुमचं चुकलं. तुमचं बरोबर होतं."