आमच्या पट्ट्यातला हुरडा

शेतकरी संगमेश्वरच्या रानात ज्वारीचे पाच पट्टे उभे होते, पाच वाणांचे. बियाणं संशोधन केंद्राचं, रान आणि राबणं घरचं. केंद्राकडून धम्मप्रिया म्याडम यायची. नोकरीला लागून वर्षही न झालेली पोर, चिखलात चप्पल रुतली की चप्पल हातात घेऊन चालणारी. तिनंच गावात सांगितलं होतं की यंदा वाण साहेब ठरवणार नाहीत, गाव ठरवणार. एक पुरुषांनी निवडायचा, एक बायकांनी. काढणीला दोन्हींचं वजन व्हायचं, आणि वजनात जास्त उतरेल तो वाण पुढच्या साली गावभर पेरायला मिळायचा.

बायकांना विचारणार म्हटल्यावर पारावर चांगलीच करमणूक झाली. कुणी म्हणालं, आता ज्वारीलाबी हळदीकुंकवाला बोलवा. निवडायच्या दिवशी मात्र शेजारच्या रानातल्या वहिदाला आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन संगमेश्वरची बायको सुकन्या बांधावर हजर झाली. पुरुषांनी पहिला पट्टा धरला. ठेंगणं ताट, गच्च कणीस, लवकर येणारं. बायकांचं काही लवकर जुळेना. वहिदा पाचव्यासाठी अडून बसली, तिला तिसऱ्याचं कणीस बारीक वाटत होतं. बरीच हुज्जत होऊन शेवटी तिसऱ्यावर एकमत झालं. उशिरा येणारा वाण, पण ताट उंच आणि रसाळ. घरात म्हैस असलेल्या बाईला कडबा आधी दिसतो, कणीस मागून. सुकन्यानं जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी कोपऱ्यातल्या ताटाला बांधली.

लग्न होऊन या घरी आल्यापासून त्या रानात काय पेरायचं हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. पाखरं राखायला गेली की तिसऱ्या पट्ट्यापाशी ती जरा जास्तच रेंगाळायची.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली वेळअमावस्या, रानात काळ्या आईला पुजायचा सण. येळवसला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळी रानात. आणि त्या दिवशी रानात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. संगमेश्वरनं केंद्राच्या मोठ्या साहेबांना बोलावलं होतं, ते गाडी भरून माणसं घेऊन आले. सुकन्या आणि वहिदा कडब्याच्या कोपीपाशी वाढायला उभ्या. एक पंगत उठली की दुसरी. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, भाकरी, वरून आंबील. दुपारी रानाच्या पलीकडच्या कडेला धूर दिसला. आगटी पेटली वाटतं, हुरडा भाजायलेत, असं वहिदा म्हणाली. सुकन्याला वाटलं, बांधालगतच्या घरच्या ज्वारीचा असंल.

ऊन कललं तशी ती आंबिलीचा बिंदगा कडेवर घेऊन, रिवाजाप्रमाणे ताटांवर शिंपडत रानाच्या फेरीला निघाली. तिसऱ्या पट्ट्यापाशी हात थांबला. ताटं उभी होती, माथी नव्हती. हिरवी चिंधी जागच्या जागी होती.

ती पोचली तेव्हा आगटीभोवती माणसं तृप्त बसली होती. साहेबांचे ओठ काळे झाले होते.

"आवं, हे कुठलं तोडलं?"

संगमेश्वर खुशीत होता. "तुमच्याच पट्ट्यातलं की. साहेब म्हणले, असा गोड हुरडा उभ्या जन्मात खाल्ला न्हाई."

"तुमच्या पट्ट्यातला का न्हाई तोडला?"

"त्यो कडक झालाय. आन त्याचं वजन करायचंय."

"आन आमचं?"

तो हसायला कुणी साथीला मिळतंय का ते बघू लागला. "येळवसच्या दिशी पाहुण्याला न्हाई म्हणू व्हय?"

साहेबांनी मग गोड शब्दांत समजावलं. बियाणं काही संपलेलं नाही, केंद्रात भरपूर आहे. फक्त यंदा वजन नाही म्हणजे तिसरा वाण पुढे जाणार नाही, पहिला जाईल. बोलता बोलता त्यांनी तळहातावरचे दाणे फुंकले आणि तोंडात टाकले.

धम्मप्रिया कडेला बसली होती. मूठ मिटलेली, दाणे तसेच.

"तू व्हतीस ना हितं?" सुकन्यानं विचारलं.

पोर खाली बघूनच बोलली. पहिलं कणीस तोडायला साहेबच उठले होते. ती काय म्हणणार?

सुकन्या भांडली असती तर सणासुदीला बाई तोंड टाकते म्हणाले असते, आणि रात्रीपर्यंत ते मिटलंही असतं. आजवरचं सगळं तिनंच तर मिटवलं होतं. तिनं बिंदगा खाली ठेवला, वहिदाला हाक मारली आणि आजूबाजूच्या रानातल्या आपल्या बायकांना विळे घेऊन बोलवायला सांगितलं.

पहिल्या पट्ट्यात बायका शिरल्या तेव्हा संगमेश्वरला आधी काही कळलंच नाही. कळलं तसा तो पळत आला.

"काय करायलीस?"

"खुडायले."

"आगं, वजन व्हायचंय त्याचं."

"आमचं झालं का?"

"उभ्या पिकाचा नास करतीस, येळवसच्या दिशी?"

"नास कशाचा? दाणा भरलाय, तुम्हीच म्हणलाव. वाळवीन, दळीन, भाकरी थापीन, तुम्हीच खाल. वाया काई जाणार न्हाई. निस्तं वजनाच्या काट्यावर जाणार न्हाई."

वहिदानं एक दाणा दाताखाली धरून बघितला. "ह्याचा हुरडा केला असता तर पाहुण्याचे दात पडले असते, अक्का," ती म्हणाली. बायका हसल्या. सुकन्या हसली नाही.

साहेब बांधापर्यंत आले. सगळा प्रयोग वाया जाईल ताई, असं म्हणाले. तिचा विळा थांबला नाही.

"मग पुढल्या साली दोन्ही पेरा, साहेब. येळवसबी येतीच. तवा हुरडा ह्यांच्या पट्ट्यातला खावा."

साहेब गाडीकडे गेले. संगमेश्वर त्यांच्या मागं गेला, परत आला, आणि हात लोंबते सोडून बांधावर उभा राहिला. खुडलेल्या कणसांचा ढीग वाढत होता आणि बायकांपैकी कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

धम्मप्रिया मात्र गाडीकडे गेली नाही. ती आली, खाली पडलेला एक विळा उचलला आणि ओळीला लागली. सुकन्यानं तिच्या हातातून तो काढून घेतला.

"तू नको. तुझी नोकरी हाय."

"मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं," पोर म्हणाली.

"पाहिजे व्हतंच." सुकन्यानं तो विळा ढिगापाशी ठेवला. "पुढल्या खेपेला बोल. तोडायच्या आधी बोल. आता जा, गाडी निघंल तुझी."

पोर हलली नाही. सुकन्या पुढच्या ओळीत शिरली.