राहिलेला चढ

देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकट्याने सायकल चालवायची. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, झोप हवी असेल तर ती आपल्याच वेळातून कापून घ्यायची. अशी ती स्पर्धा. माझ्या बायकोने तिच्यात नाव घातलं तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. उतरलं नाही. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये वाकून कवळ्या घासायच्या आणि उरलेला सगळा वेळ सायकलवर काढायचा, असं तिने दोन वर्षं केलं.

मी चष्म्यांचं दुकान चालवतो. तिच्यामागून मदतीची गाडी चालवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. सायकलची देखभाल आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने अंगावर घेतली. त्याला सगळे पानाच म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागत असेल. राहता राहिला प्रश्न आम्हा सगळ्यांवर हुकूम कोण चालवणार याचा.

"आई," बायको म्हणाली.

"आई? माझी आई?"

"मग काय माझी? माझी आई मला बघून रडत बसेल. आणि तू? मी नुसतं 'पाय दुखतात' म्हटलं की गाडीचं दार उघडशील. मला झोपेतून उठवायला असं माणूस हवं, ज्याला मला उलट बोलता येत नाही."

हे मात्र खरं. माझी आई जन्मभर इस्पितळात मेट्रन होती. तिच्या वॉर्डात मोठमोठे डॉक्टरही चपला न वाजवता चालायचे. आमच्या लग्नाला वीस वर्षं होत आली, पण बायकोने आईला तोंडावर 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. फार झालं तर "बघते हं, आई" म्हणायची आणि विषय मिटायचा.

आईला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं ऐकणार असेल तर येते."

आणि आली. पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, मांडीवर थर्मास. पहिल्या दिवसापासून गाडीचा वॉर्ड झाला. कोणत्या बाटलीत मीठपाणी, कोणत्यात साधं, उकडलेले बटाटे कधी द्यायचे, सूप किती कोमट हवं, सगळं तिच्या डोक्यात. बायको रस्त्याकडेला अंग टाकायची आणि ठरलेली वेळ झाली की आई तिच्या कानाशी टाळी वाजवायची. "चल, उठ. झोपायला घरी पलंग आहे." बायको डोळे न उघडताच उठायची, बूट चढवायची आणि निघायची. मला एकट्याला ते जमलं नसतं. पहिल्याच खेपेला "झोपू दे गं अजून थोडं" असं माझ्या तोंडून गेलं, तेव्हा आईने मला सरळ पुढच्या सीटवरून मागे पाठवलं होतं आणि गाडी थोडा वेळ पानाकडे दिली होती.

स्पर्धेचे नियम साधे होते. गाडीतून खायला-प्यायला देता येतं, पण सायकलला हात लावून ढकलायचं नाही, पुढे राहून वारा अडवायचा नाही. वाट चुकली तर स्पर्धकाला गाडीत घालून परत आणता येतं. मात्र जिथे चुकली तिथेच उतरवायचं, वीतभरही पुढे नाही. मधल्या चौक्या सोडल्या तर रस्त्यावर पंच नसतात. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेलं.

अर्ध्याहून जास्त देश मागे पडला आणि बायकोची मान गेली. गेली म्हणजे डोकं वर धरवेना. हनुवटी छातीला टेकायची आणि समोरचा रस्ता दिसेनासा व्हायचा. पानाने जुन्या ट्यूबची पट्टी कापली, एक टोक हेल्मेटच्या मागे आणि दुसरं तिच्या पाठीवरच्या पट्ट्याला बांधलं. आईने मानेखाली टॉवेलची घडी घातली. डोकं ताणून वर राहिलं. आरशात बघून बायको म्हणाली, "कुणीतरी मागून वेणी ओढतंय असं वाटतं," आणि सायकलवर बसली. त्या दिवसापासून आई गप्प गप्प झाली. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

वाट चुकली ती एका बंद पडलेल्या विटांच्या कारखान्यापाशी. आम्ही पाणी भरायला मागे थांबलो होतो. तिथे रस्ता फुटत होता. आमचा डावीकडे, चढाचा. बायकोला मान वळवता येत नव्हती, तिला पाटी दिसलीच नाही. ती सरळ उताराला लागली. आम्ही तिला गाठलं तोवर ती बरीच खाली गेली होती.

"काय मस्त रस्ता आहे रे!" आम्हाला बघून ती हसत म्हणाली. आपला रस्ता डावीकडचा, चढाचा होता, हे मी सांगितलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. पानाने सायकल गाडीमागे बांधली, ती मागच्या सीटवर बसली आणि बसल्या बसल्या झोपली.

कारखाना दिसायला लागला तसा मी वेग कमी केला. आई शेजारी नकाशा घेऊन बसली होती.

"थांबू नकोस," ती हळूच म्हणाली. "चढ संपतो तिथे वर सोड."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आई, नियम..."

"नियम मला माहीत आहेत. तिच्या मानेकडे बघ एकदा. आधीच वाट चुकून वेळ गेलाय, त्यात हा चढ. कोण बघतंय इथे?"

मी आरशातून पानाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. बायकोचं डोकं त्याच्या खांद्यावर पडलं होतं, तोंड उघडं, ओठ फुटलेले. आणि सांगणारी माझी आई होती. मी गाडी वर घेतली. वळणामागून वळण गेलं, इंजिन कण्हत होतं, आणि प्रत्येक वळणाला मला बरंच वाटत होतं, की हे तिला चढावं लागणार नाही.

माथ्यावर गाडी थांबली तशी ती जागी झाली. खाली उतरली. सायकल हातात घेतली, पुढे बघितलं, मग सगळं अंगच वळवून मागे बघितलं.

"चढ कुठे गेला?"

पाना सायकल बांधायची दोरी गुंडाळायला लागला.

"डावीकडे चढ आहे म्हणालात ना? तो कुठे गेला?"

"संपला," आई म्हणाली. "बस आता. वेळ नाही."

"मी कधी चढले?"

"अगं, माझं ऐक. तू..."

"नाही, आई."

मी खरंच दचकलो. पानाने खोकल्यासारखं केलं. बायकोचा आवाज चढला नव्हता, उलट घसा बसल्यामुळे जेमतेम ऐकू येत होता.

"नाही. मला खाली नेऊन सोडा. नेणार नसाल तर मी सायकलने खाली जाते आणि परत वर येते."

"वेळेत पोचली नाहीस तर? एवढं केलंस ते सगळं पाण्यात जाईल!"

"जाऊ दे. पण घरी गेल्यावर लोक विचारतील, सगळा देश सायकलने पार केलास का? मग काय सांगू? हो, फक्त एक चढ आईंनी माझ्यासाठी उचलून बाजूला ठेवला?"

आई तिच्याकडे बघत राहिली. वॉर्डात तिची अशी नजर पडली की बायका रडायच्या म्हणे. बायकोनेही नजर काढली नाही. मानच अशी ताणून बांधलेली होती, की तिला खाली बघताही येत नव्हतं.

"गाडी वळव," आई मला म्हणाली.

पानाने सांगण्याआधीच सायकल परत बांधायला घेतली होती. खाली आल्यावर त्याने ती रस्ता फुटतो त्याच्याही हातभर मागे उभी केली. "उगाच कुणाचं काही राहायला नको," तो म्हणाला. बायको बसली आणि निघाली.

तो चढ मी गाडीतून दोनदा बघितला होता, पण मला तो खरा दिसला तिसऱ्यांदाच. सायकल इतकी हळू चालली होती, की मला वाटलं, आता आडवी होणार. ती उभी राहून पाय मारायची, पुन्हा बसायची, पुन्हा उभी राहायची. एका वळणावर उतरली, पोटातलं सगळं ओकली, तोंड पुसलं आणि आमच्याकडे न बघता परत बसली. आईने खिडकीची काच खाली केली होती. कडेला गुरं चारणारा एक म्हातारा हे काय चाललंय ते बघत उभा होता. आई त्याला गाडीतूनच ओरडून म्हणाली, "आमची आहे ती!"

माथा दिसायला लागला तेव्हा आई माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते, पण चेहरा असा, जसा मी शाळेत पहिला आलो असतो तर झाला असता. मी कधी आलो नाही.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "मला नाही म्हणाली."

पुढच्या चौकीवर आईने स्वतः उतरून पंचांना सगळं सांगितलं. मीच गाडी पुढे न्यायला लावली होती, तिने परत फिरवलं, काय शिक्षा असेल ती मला सांगा. पंच बिचारा पाव खात होता. तो म्हणाला, "बाई, खालून चढल्या ना त्या? मग माझ्याकडे काय आहे?" तरी आई त्याचा पाव संपेपर्यंत तिथेच उभी राहिली, त्याने नीट ऐकलंय ना याची खात्री करत.

पोचलो आम्ही वेळेत. अगदी काठावर, पण वेळेत. बंदराजवळच्या एका गोदामाच्या आवारात शेवटची रेघ मारली होती. बाकीचे कधीच येऊन, आंघोळी करून, जेवून बसले होते. दिलेल्या वेळात जेवढे पोचले त्यांत बायको शेवटची. तरी ती आत येताना ते सगळे उठून उभे राहिले. वाऱ्याने सोललेल्या नाकांची, फुटलेल्या ओठांची ती माणसं टाळ्या वाजवत होती आणि पाना दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होता. मी गाडीचं दार उघडं टाकून पळत सुटलो आणि तिच्याजवळ पोचल्यावर मला काय करायचं तेच सुचेना. मी सायकल धरली. आता धरली तर चालणार होतं.

बायकोला उतरता आलं, पण बोटं हँडलवरून सुटेनात. इतके दिवस वळून वळून ती तशीच आखडली होती. आईने पुढे होऊन तिचा हात हातात घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट सरळ करायला लागली.

नोंद करणारी मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली. कौतुकाने तिने आईला विचारलं, "तुमची मुलगी का?"

"सून," आई म्हणाली. "मुलगी असती तर म्हणाले असते, माझ्यावर गेलीये. हिचं सगळं हिचं आहे."

"आई, हळू," बायको डोळे मिटून म्हणाली. "दुखतंय."

"दुखणारच," आई म्हणाली, आणि तिने पुढचं बोट धरलं.