दवाखान्याच्या रांगेतली बाबागाडी

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. मला चार चाकं आहेत, डोक्यावर छत्री आहे आणि माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही.

कारखान्यातून मी एका सुखवस्तू घरात गेले. "काय देखणी गाडी!" म्हणून माझं कोडकौतुक झालं. तिथलं बाळ चालू लागलं, तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली आणि मग मला दान केलं गेलं. दान म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात ठेवायची आणि वर आभारही मानून घ्यायचे.

ते दार एका वसतिगृहाचं होतं. शाळेच्या वयाच्या गरोदर आणि लेकुरवाळ्या मुली तिथे राहतात. त्यांच्या घरच्यांनी दारं लावून घेतलेली असतात. आमच्या गल्लीनेही आमच्याशी उभा दावा मांडला होता.

म्हणून तिथल्या मावशींनी मुलींना शिकवून ठेवलं होतं, "मागच्या दाराने बाहेर पडायचं. बाळ कुणाचं असं विचारलं, तर भाऊ आहे म्हणायचं. उगाच वाद नको." त्यामुळे मला ढकलणाऱ्या मुलींची वाहवा व्हायची. सगळ्यांत जास्त मिरचीची. ही सोळा वर्षांची, तिखट तोंडाची पोर. कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकू तिला रोज थांबवायच्या. "किती गुणाची गं बहीण! तुझी आई नशीबवान." मिरची दातओठ खात हसायची.

एकदा तिच्या बाळाला सणसणून ताप भरला. ती मला पळवतच दवाखान्यात घेऊन गेली. रांगेत नेमक्या शिंपीणकाकू.

"आई कुठाय?" खिडकीतून नर्सबाई खेकसल्या. "आईशिवाय डॉक्टर बघणार नाहीत."

"पळ बाळा, आईला घेऊन ये," काकू म्हणाल्या. "मी बसते याच्यापाशी."

बाळ माझ्यात पडून कण्हत होतं. मिरचीने त्याला उचलून छातीशी धरलं.

"आई मीच आहे."

अख्खी रांग वळून बघू लागली. काकू दोन पावलं मागे सरल्या. "अगं बाई! म्हणजे तू त्या घरातली? रोज तोंडावर खोटं बोलत होतीस?"

"हो. आणि तुम्ही रोज गोड बोलत होतात. बाळ तेच आहे काकू, मग तोंड का फिरवताय?"

काकू पिशवी उचलून लांबच्या बाकावर जाऊन बसल्या.

"आधी सांगायला काय झालं होतं?" नर्सबाई करवादल्या. "जा आत!"

डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं. बातमी आमच्याआधीच गल्लीत पोचली होती. परतताना कुणी कौतुक केलं नाही. काही खिडक्या मात्र धाडकन लागल्या. बाळाचा ताप उतरत होता, गल्लीचा चढत होता. मिरची प्रत्येक खिडकीखाली मुद्दाम थांबून मोठ्याने म्हणत होती, "आलं हं घर, आईच्या राजा!"

मित्रांनो, मला जपा, तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. जुन्या गाड्या भंगारातच जातात. पण एखादी लहानशी पोर बाबागाडी ढकलत आली, तर बाळ कुणाचं ते विचारत बसू नका. बाजूला व्हा, तिला वाट द्या. नाही झालात आणि पायावरून चाक गेलं, तर ते चुकून गेलं असं समजू नका.