बर्मा, घाना आणि विहाराचं दार

प्रितीच्या डोक्यात एकदा शंका शिरली की ती पाठ सोडत नाही, हे डिलाईल रोडच्या अख्ख्या चाळीला ठाऊक. एम. कॉम.च्या प्रोजेक्टला मैत्रिणींनी सोपे विषय घेतले. हिने काय घ्यावं? भारतात येणारे सागाचे ओंडके, बर्मा विरुद्ध घाना! लॅपटॉपवर आलेखाच्या दोन रेघा काढून तिने भिवा आजोबांना बोलावलं. आजोबा सुतार, दारूखाना नावाच्या भागातल्या वखारींत लाकूड पारखण्यात हयात गेलेली.

"ही बर्माची. २०१४ पर्यंत बघा कशी वर, मग धाडकन खाली. त्यांनी ओंडके बाहेर धाडणंच बंद केलं. आणि ही घानाची, बघा कशी चढलीय."

"अरे तिच्या! म्हणून वखारीतला मालच बदलला होय?" आजोबा खूश झाले.

प्रितीचं बोट २०१८वर थांबलं. "आजोबा, विहाराचं दार तुम्ही याच साली केलंत ना? मग ते बर्माचं कसं?"

झालं! त्या दाराचं कौतुक काय सांगावं. बर्मा म्हणजे बुद्धाला मानणारा देश, तिथलं लाकूड आपल्या विहाराला, म्हणून लोकांनी ते वाजतगाजत बसवलं होतं. पाहुणा आला की विहाराची देखभाल करणाऱ्या जाईबाई त्याला आधी दाराला हात लावायला लावायच्या.

"जुना माल असेल," आजोबा म्हणाले. "वखारीत ओंडके वर्षानुवर्षं पडून असतात."

"असेल की. पण ओळखायचं कसं?"

इथे म्हाताऱ्याने गप्प बसावं ना! पण हाडाचा कारागीर, विचारलं की सांगणारच. "बर्माचं झाड रानातलं, सावकाश वाढतं, त्याची वलयं एकमेकांना चिकटून. घानाचं लागवडीचं, भराभर वाढतं, वलयं बोटबोट लांब. दाराच्या वरच्या कडेला पॉलिश नसतं, तिथे दिसतात."

प्रिती स्टूल घेऊन निघालीसुद्धा. दुपारी विहारात कुणी नव्हतं. वरची धूळ पुसून तिने मोबाइलने फोटो काढला. वलयं चांगली बोटबोट लांब! ती आनंदाने ओरडणार, तोच मागे आजोबा दिसले. फोटो पुढे केला, तर ते बघेनात.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पहिला रंधा मारला तेव्हाच कळलं. वखारवाल्याने फसवलं. पण तोवर जाईबाईंचं गावभर सांगून झालं होतं. माझी जीभच रेटली नाही, पोरी."

कशाला मेली ही नसती चौकशी, असं प्रितीला वाटलं. "मी कुणाला सांगणार नाही. फोटो डिलीट करते."

"नको. राहू दे."

रविवारी वंदनेला सगळे जमले. पंचशील सुरू झालं. तीन शीलं झाली आणि चौथं, खोटं न बोलण्याचं, सुरू व्हायच्या आत आजोबा उभे राहिले.

"थांबा. हे दार बर्माचं नाही. घानाचं आहे. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

जाईबाईंचा चेहरा पडला. प्रितीला वर बघवेना.

"तरीच!" जाईबाई म्हणाल्या. "दार बसवल्यापासून सात वर्षं तुमच्या मागे बसून ऐकतेय, भिवाभाऊ. तीन शीलं खणखणीत, आणि चौथ्याला तुमचा आवाज गायब. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागतो. बसा खाली. आता मोठ्याने म्हणा."